उसनें गणित आणि बारशाचें अक्षर

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक बारसें झालें. थोरल्या वहिनींची नात बारा दिवसांची झाली, पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, आणि सारें यथासांग पार पडलें. परंतु आदल्या संध्याकाळीं माजघरांत जो प्रश्न निघाला, तो आमच्या मनांतून अजून गेलेला नाहीं. म्हणून तोच आज वाचकांपुढें ठेवीत आहों. प्रश्न अगदीं लहान होता : मुलीच्या नांवरस नांवाचें अक्षर 'ए' कीं 'ओ' ?

आमच्या घरांत पंचांग पाहण्याचा मान आत्याबाईंचा. त्यांनीं ऐंशी ओलांडली आहे, तरी चष्मा लावून बारीक टाइपांतील घटका-पळें त्या आमच्याहून लवकर वाचतात. छापील पंचांग त्यांच्या उशाशीं असतेंच; शिवाय आमच्या पुतण्यानें व त्याच्या दोघां मित्रांनीं मिळून तयार केलेलें पंचांगाचें ॲपहि त्यांच्या फोनांत आहे. घरच्या मुलानें केलेली वस्तु म्हणून त्या तें कौतुकानें उघडतात, पण विश्वास मात्र तपासून ठेवतात. त्या संध्याकाळीं त्यांनीं ॲपाच्या पत्रिकेच्या पानावर बाळाची जन्मवेळ घातली. उत्तर आलें : कृत्तिका नक्षत्र, चतुर्थ चरण, अक्षर 'ए'. मग त्यांनीं त्याच ॲपांतील दैनिक पंचांगाचें पान काढून त्या दिवसाचें नक्षत्र पाहिलें. तेथें लिहिलें होतें कीं कृत्तिका सकाळीं नऊ वाजून दहा मिनिटांनीं संपली आणि रोहिणी लागली. मूल जन्मलें नऊ पन्नासला. म्हणजे रोहिणीचें प्रथम चरण, अक्षर 'ओ'. छापील पंचांगाचा कौलहि रोहिणीकडेच होता.

"अरे," आत्याबाई पुतण्यास म्हणाल्या, "तुझ्या एका ॲपांत चंद्र किती आहेत ?"

पुतण्या हंसला व म्हणाला, "आत्याआजी, गणित आमचें नाहींच मुळीं, तें झुरिकच्या तज्ज्ञांचें आहे. तें चुकायचें नाहीं, तुम्ही निश्चिंत राहा."

आम्ही तेथेंच बसलों होतों. 'गणित आमचें नाहीं' हे शब्द आम्हांस खटकले. पत्रिकेवर कोणाचा विश्वास असो वा नसो, तो वाद येथें नाहीं. ज्या घरानें मुलाच्या हातचें ॲप म्हणून तें घेतलें, त्या घरास मिळालेलें उत्तर कोणाचें मानावयाचें ? त्या रात्रीं पुतण्या आपलें यंत्र घेऊन बसला, आणि आम्हीहि शेजारीं बसून, कळलें तें व न कळलें तेंहि, विचारीत राहिलों.

प्रथम हें समजून घेतलें पाहिजे कीं, आपलें गणित सोडून दुसऱ्याचें आणावें लागतेंच कां. चंद्राची चाल मोठी लहरी आहे. सूर्याची ओढ, कक्षेचा कल, पातांचें फिरणें हें सारें जमेस धरून त्याचें स्थान विकलेपर्यंत काढावयाचें, तर शेंकडों पदांची बेरीज करावी लागते. आलोइस ट्राइंडल व डीटर कोख या दोघांनीं हें काम करून ठेविलें आहे. झुरिकच्या ॲस्ट्रोडीन्स्ट या संस्थेनें १९९७ सालीं तें 'स्विस एफेमेरिस' या नांवानें प्रसिद्ध केलें. अमेरिकेंतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचें ग्रहगणित त्याच्या मुळाशीं आहे. इतकें चोख काम तयार असतां तिघां मुलांनीं तें पुन्हां करण्याचा हट्ट धरला असता, तर तो आम्ही अविचारच मानला असता.

पण हें काम सी भाषेंत लिहिलेलें आहे, आणि अँड्रॉइड फोनांवरील ॲपें बहुधा जावा किंवा कोटलिन या भाषांत लिहिली जातात. जावा-कोटलिनचा कोड फोनांतील एका कारभाऱ्याच्या देखरेखीखालीं चालतो; जागा कोणास किती द्यावयाची, वापरून झालेली केव्हां परत घ्यावयाची, हें तोच पाहतो. सी भाषेंतला कोड तसा नाहीं. तो थेट प्रोसेसरच्या यंत्रभाषेंत उतरवून आणलेला असतो, कारभाऱ्यास न विचारतां आपलें काम करतो, आणि म्हणूनच जलद चालतो. पण त्याचा पाय घसरला तर सावरावयास कोणी नसतें, सारें ॲपच क्षणांत मिटतें. अशा कोडाच्या संग्रहास 'नेटिव्ह लायब्ररी' म्हणतात. या दोन जगांमधील दारास जावा नेटिव्ह इंटरफेस, थोडक्यांत जेएनआय, असें नांव आहे; तें जावाच्या मंडळींनीं १९९७ सालींच बसविलें. पुढें २००९ सालीं गूगलनें एनडीके नांवाची हत्यारांची पेटी अँड्रॉइडसाठीं दिली. तिच्या साह्यानें सी भाषेंतला कोड फोनाच्या यंत्रभाषेंत उतरवितां येतो.

आमच्या डोळ्यांपुढें कार्याच्या घरीं परगांवाहून आणलेला आचारी आला. हात मोठा, चव नांवाजलेली. पण आपल्या घरीं कांदालसूण चालत नाहीं हें त्यास कोणीं सांगितलें नाहीं, तर तो आपल्या संवयीप्रमाणें रांधणार. त्यांत त्याचा दोष नाहीं.

पुतण्याच्या ॲपाची पहिली फजिती याहूनहि आधींची होती. ती त्यानें त्या रात्रीं हळूच कबूल केली. ॲपाची पहिली आवृत्ति आत्याबाईंच्या जुन्या फोनावर घातली तेव्हां ती उघडतांच मिटत असे. त्या वेळीं घरांत सर्वांनीं फोनासच नांवें ठेविलीं होतीं. वस्तुतः दोष फोनाचा नव्हता. यंत्रभाषा प्रोसेसरागणिक निराळी असते : नव्या फोनांत चौसष्ट बिटांचा आर्म प्रोसेसर, जुन्यांत बत्तीस बिटांचा, संगणकावर जो नकली फोन चालवून पाहतात त्याची आणखी तिसरीच. ॲपाच्या पेटींत या प्रत्येकासाठीं वेगळा कप्पा असतो, आणि फोन आपणांस जुळेल तोच एक कप्पा उघडतो. मुलांनीं स्विस गणिताची फक्त चौसष्ट बिटांची प्रत घातली होती. एवढेंच असतें तर आत्याबाईंच्या फोनानें ॲप घेण्याचेंच नाकारलें असतें, आणि कारण तेव्हांच कळलें असतें. पण चित्रांसाठीं घेतलेली दुसरी एक लायब्ररी सर्व कप्प्यांत भरलेली होती. त्यामुळें बत्तीस बिटांचा कप्पा आहे असें पाहून फोनानें ॲप आनंदानें घेतलें, आणि ऐन वेळीं त्या कप्प्यांत स्विस गणित सांपडलें नाहीं. दोन परक्या लायब्रऱ्या एकत्र नांदवितांना दोघींचे कप्पे सारखे भरले आहेत कीं नाहींत हें आधीं पाहावें लागतें. मुलांनीं तें पाहिलें नव्हतें.

आणि ती चौसष्ट बिटांची प्रत तरी आली कोठून ? येथें आम्हांस खरोखर राग आला. कोणा अनोळखी गृहस्थानें आयती उतरवून ठेविलेली फाइल मुलांनीं तशीच उचलली होती ! मूळ सी भाषेंतला मजकूर झुरिकच्या कर्त्यांनीं उघड ठेविलेला असतां, तो घेऊन स्वतः उतरविण्याचा कंटाळा केला. यंत्रभाषेंतली फाइल वाचून तिच्यांत काय आहे हें सहसा कळत नाहीं. आणि ॲपांत शिरलेली लायब्ररी ॲपाच्याच अधिकारानें वावरते. सोयऱ्यांच्या वाढदिवसांसाठीं त्या ॲपास फोनांतील नांवांची यादी वाचण्याची परवानगी होती. तेव्हां त्या अनोळखी फाइललाहि ती होतीच. घरांत मोलकरीण ठेवतांना ज्या चौकशा आपण करतों, त्यांतली एकहि येथें झालेली नव्हती. पुतण्या म्हणाला, "काका, सगळेच असें करतात." सगळेच करतात हें आम्हांस ठाऊक आहे. २०२३ च्या सप्टेंबरांत लिबवेबपी या चित्रें उलगडणाऱ्या लायब्ररींत एक भयंकर छिद्र सांपडलें. मुद्दाम घडविलेलें चित्र पुढें आलें कीं परक्याचा हात आंत शिरूं शकेल, असें. मूळ लायब्ररी लवकरच दुरुस्त झाली. पण जिनें तिनें तिची प्रत आपापल्या पोटांत घालून घेतली होती, त्या प्रत्येक ॲपास पुन्हां नव्यानें बांधावें लागलें. आणि आपल्या पोटांत ती आहे हें ज्यांना ठाऊकच नव्हतें, त्यांनीं बांधावें तरी काय?

आयत्या फाइलची आणखी एक अडचण अलीकडेच उघड झाली आहे. फोनाची स्मृति पानापानांनीं वाटली जाते. हीं पानें आजवर चार किलोबाइटांचीं होतीं, आतां नव्या फोनांत तीं सोळा किलोबाइटांचीं येऊं लागलीं आहेत. अँड्रॉइड १५ व त्यापुढील आवृत्तींसाठीं बांधलेल्या नव्या ॲपांनीं या मोठ्या पानांवरहि चाललें पाहिजे, असा गूगल प्लेचा नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. ज्याच्याजवळ मूळ मजकूर आहे, त्यानें एनडीकेची नवी आवृत्ति घेऊन लायब्ररी पुन्हां उतरविली कीं काम भागलें. ज्याच्याजवळ केवळ आयती फाइल आहे, त्यास त्या अनोळखी गृहस्थाची वाट पाहत बसावें लागतें.

त्या रात्रीं ती फाइल काढून टाकण्यांत आली. मूळ मजकूर कर्त्यांच्याच ठिकाणाहून घेतला, कोणती आवृत्ति घेतली तें टिपून ठेविलें, आणि दोन्ही कप्प्यांसाठीं ती नव्यानें उतरविली. सीमेक नांवाच्या साधनास कोणत्या फाइली घ्यावयाच्या तें सांगावें लागतें, आणि ग्रेडल नांवाचें दुसरें साधन सर्व ॲप बांधतांना त्यास हांक मारतें. हें सारें मिळून वीस-पंचवीस ओळींचें लिहिणें आहे. इतक्यासाठीं आळस केला होता !

पण अक्षर कांहीं सुटेना. पत्रिकेच्या पानावर अजून 'ए' च. आत्याबाई झोंपावयास गेल्या होत्या. आम्ही मात्र चहा टाकला.

येथें अयनांशाविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. स्विस गणित चंद्राचें स्थान मुळांत सायन देतें, म्हणजे वसंतसंपातापासून मोजून. आपलें पंचांग निरयन. त्यासाठीं सायन स्थानांतून अयनांश वजा करावे लागतात. ते किती धरावे यावर आपल्याकडे वाद कमी झालेले नाहींत. सरकारनें १९५२ सालीं मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं पंचांग-सुधारणा समिति नेमली. तिनें २१ मार्च १९५६ रोजीं अयनांश २३ अंश १५ कला धरावे असें ठरविलें. समितीचे चिटणीस निर्मलचंद्र लाहिरी यांच्या नांवानें ते ओळखले जातात. आमच्या घरचें छापील पंचांग त्याच मानाचें आहे. स्विस गणितांत लाहिरींचे अयनांश आहेत, इतरहि पुष्कळ आहेत. पण कोणते हवेत हें सांगितलें नाहीं, तर तें आपल्या संवयीनें फेगन व ब्रॅडली या पाश्चात्त्य ज्योतिष्यांचे अयनांश धरतें. त्यांच्यांत व लाहिरींच्यांत सुमारें त्रेपन्न कलांचें अंतर आहे. चंद्रास तेवढें चालावयास दीड तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. एका चरणाच्या दोनशें कला. तेव्हां अशा चुकीनें सरासरी चारांतल्या एका बाळाचें अक्षर बदलेल. तिथीस मात्र धक्का लागत नाहीं, कारण ती सूर्य व चंद्र यांच्या अंतरावरून निघते, आणि दोहोंतून सारखेंच वजा केलें तर अंतर तेंच राहतें. एकादशी, चतुर्थी, श्राद्धतिथि सगळें बरोबर येत होतें. म्हणूनच इतके महिने कोणास शंका आली नाहीं. फक्त नक्षत्र घसरत होतें. आम्हां ऋग्वेद्यांची श्रावणी श्रवण नक्षत्रावर होते, हें आठवून आमच्या अंगावर कांटा आला.

"पण काका, लाहिरी तर आम्हीं सांगितले आहेत," पुतण्या म्हणाला, आणि त्यानें ती ओळ काढून दाखविली. ओळ होती. ॲप उघडतांच लाहिरी धरावे असें स्विस गणितास बजावलेलें होतें. दैनिक पानावर म्हणूनच रोहिणी बरोबर दिसत होती. मग पत्रिकेचें पान कां ऐकत नव्हतें ?

पहांटे दोनच्या सुमारास उलगडा झाला. ॲप एका वेळीं अनेक कामें निरनिराळ्या धाग्यांवर करतें. त्यांस थ्रेड म्हणतात. पडदा रंगविण्याचा मुख्य थ्रेड एक, आणि वेळ घेणारीं कामें मागील थ्रेडांवर, म्हणजे बोट लावतांच पडदा गोठूं नये. दैनिक पान मुख्य थ्रेडावर गणित करी. पत्रिकेचें लांब गणित मागच्या थ्रेडावर होई. दोन थ्रेडांनीं एकमेकांचे आंकडे बिघडवूं नयेत म्हणून स्विस गणिताच्या कर्त्यांनीं प्रत्येक थ्रेडास स्वतःचें निराळें टिपण दिलें आहे. सोय उत्तम, पण तिचा अर्थ असा कीं, मुख्य थ्रेडावर सांगितलेले लाहिरी मागच्या थ्रेडाच्या टिपणांत उतरत नाहींत. तेथें कोणी कांहीं सांगितलेलेंच नव्हतें, म्हणून तेथें फेगन व ब्रॅडली. आचाऱ्याच्या हाताखालचे दोघे दोन चुलींवर. कांदालसूण नको हें आपण एकाच चुलीपाशीं जाऊन सांगितलें, आणि दुसऱ्या चुलीवरची भाजी मात्र जशी व्हावयाची तशी झाली. प्रत्येक गणितापूर्वीं, त्याच थ्रेडावर, अयनांश पुन्हां सांगण्याची एक ओळ घातली आणि पत्रिकेच्या पानावर 'ओ' उमटला.

हें झुरिकच्या कर्त्यांनीं आपल्या पुस्तिकेंत लिहून ठेविलेलें आहे. मुलांनीं ती पुस्तिका वाचली नव्हती, कारण गणित 'त्यांचें' होतें.

एकदां शंका शिरली म्हणजे माणूस सारें घर झाडूं लागतो. शोधतां शोधतां आणखी एक गोष्ट हातीं लागली. स्विस गणितासोबत ग्रहस्थानांच्या फाइली येतात; १८०० पासून २३९९ पर्यंतच्या सहाशें वर्षांची एक एक. मुलांनीं त्या ॲपाच्या पेटींत नीट ठेविल्या होत्या. पण ॲपाची पेटी गुंडाळलेली असते. सी भाषेंतला कोड तिच्यांतली फाइल साध्या वाटेनें उघडूं शकत नाहीं. ती आधीं फोनांत बाहेर काढून ठेवावी लागते, आणि मग तिची जागा स्विस गणितास दाखवावी लागते. फाइल न मिळाल्यास तें रुसून बसत नाहीं. मोशियर यांच्या सूत्रांनीं जवळपास तेंच उत्तर काढून देतें. फरक चंद्राच्या बाबतींत फार तर थोड्या विकलांचा, म्हणजे नक्षत्राच्या वेळेंत कांहीं सेकंदांचा. व्यवहारांत तो नगण्य. तथापि आपण कोणत्या रीतीनें उत्तर काढलें हें तें परत जातांना एका आंकड्यानें सांगतें, आणि तो आंकडा कोणीं पाहिलाच नव्हता. पुतण्यानें आतां तो पाहून टिपण्याची व्यवस्था केली आहे.

अटींचा प्रश्न राहिला. स्विस गणित ॲफेरो जीपीएल या परवान्यावर मिळतें. म्हणजे तें घालून ॲप वाटावयाचें, तर आपल्या ॲपाचा मूळ मजकूरहि त्याच अटींवर लोकांस खुला करावयाचा. तें नको असेल तर पैसे भरून व्यावसायिक परवाना घ्यावयाचा. मुलांनीं दोहोंपैकीं कांहींच केलें नव्हतें. फुकट मिळालें म्हणजे बिनअटीं मिळालें असा समज आपल्या तरुण मंडळींत फार दृढ आहे. पुतण्याचे मित्र प्रथम कुरकुरले, पण आपला मजकूर खुला करावयास अखेर तयार झाले. त्या आठवड्यांत तो खुला झालाहि.

बारसें दुसऱ्या दिवशीं झालें. आत्याबाईंनीं जन्मनांव 'ओ' वरून ठेविलें आणि कागदाच्या घडींत जपून ठेविलें. पाळण्यांतलें हांकेचें नांव आईनें महिनाभर आधींच ठरविलेलें होतें, तें तसेंच राहिलें. यानंतर ॲपाची नवी आवृत्ति बाहेर जाण्यापूर्वीं घरांतील सर्व जन्मटिपणें तिच्यांत घालून छापील पंचांगाशीं ताडून पाहावयाचीं असें ठरलें. टिपणें आत्याबाईंच्या पेटींत होतीं, तेव्हां परीक्षकहि त्याच झाल्या. सव्वीस टिपणें निघालीं, पंचवीस जुळलीं.

सव्विसावें खुद्द आत्याबाईंचें. त्यांच्या वडिलांनीं १९४४ सालीं निळ्या शाईनें लिहिलेलें. त्यांनीं पुतण्याच्या पुढ्यांत तें टिपण ठेविलें व वेळेखालच्या बारीक ओळीवर बोट टेकलें. लढाईच्या दिवसांत, १९४२ च्या सप्टेंबरापासून १९४५ च्या ऑक्टोबरापर्यंत, हिंदुस्थानांतलीं घड्याळें एक तास पुढें केलेलीं होतीं. ग्रीनिचपासून साडेपांचऐवजीं साडेसहा तास.

"हें तुझ्या झुरिकच्या माणसांना ठाऊक आहे का रे ?"

"त्यांना आपण ग्रीनिचचीच वेळ द्यायची असते, आत्याआजी. ती काढून द्यायचें काम आमचें," पुतण्या म्हणाला, आणि त्यानें आपली ओळ उघडून पाहिली. तेथें सर्व काळांसाठीं साडेपांच असा एकच आंकडा लिहिलेला होता.